डोळ्यात लपलेला घड

लोणी देवकरच्या शिवारात घरात पैसा आणणारी पिकं मोजायला घेतली तर ऊस, द्राक्ष, डाळिंब, केळी, पेरू अशी यादी होते. आता यातलं बी पेरून लावलेलं पीक कोणतं, ते सांगा. एकही नाही! उसाची टिपरी लावतात, द्राक्षाची काडी खुंटावर भरतात, डाळिंबाची गुटी बांधतात, केळीचे मुनवे किंवा प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणतात, पेरूचं कलम असतं. म्हणजे भिगवणहून इंदापूरकडे येताना हायवेच्या दोन्ही बाजूंना जे हिरवंगार दिसतं, त्यातलं पुष्कळसं बियातून नव्हे तर डोळ्यातून आलेलं आहे. आपल्या होस्टेलमधल्या कित्येक पोरांची फी शेवटी या डोळ्यांवरच उभी आहे. म्हणून मी मेकॅनिकलचा असूनही, आणि जीवशास्त्र बारावीलाच सोडलेलं असूनही, या विषयावर लिहायचं धाडस करतोय.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. पाठ्यपुस्तकात याला मुकुल किंवा कलिका म्हणतात. फुलाची असेल तर आपण घरात कळी म्हणतो. शेतात मात्र एकच शब्द चालतो, तो म्हणजे डोळा. मला तोच आवडतो, कारण तो मिटलेला असतो, फुगतो, उघडतो, आणि कधी कधी मरतोही.

डोळा म्हणजे झाडाची सुरुवात, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. डोळा म्हणजे घडी घालून ठेवलेली अख्खी फांदी. खात्री करायची असेल तर मेसच्या मावशींकडून कोबीचा एक गड्डा मागून घ्या आणि उभा कापा. मधोमध जाडसर पांढरा दांडा दिसेल, ते खोड. त्याला चिकटून एकावर एक मिटलेली पानं. आणि नीट पाहिलं तर पान जिथे दांड्याला मिळतं त्या बेचक्यात बारीक गाठीसारखे डोळे. कोबीचा गड्डा हा एकच एक, अवाढव्य वाढलेला शेंड्याचा डोळा आहे. उसाच्या कांडीवरचा डोळा करंगळीच्या नखाएवढा असतो, पण आतली मांडणी हीच: टोकाला वाढीचा बिंदू, त्याच्याभोवती पानांची बाळरूपं आणि वरून खवल्यांचं पांघरूण.

हा वाढीचा बिंदू मिलिमीटरच्या काही भागाएवढा घुमट असतो. त्यातल्या पेशी सतत विभागत राहतात. घुमटाच्या कडेला ठराविक अंतरावर उंचवटे येतात, त्यांची पानं होतात. प्रत्येक पानाच्या बगलेत मूळ घुमटातल्याच काही पेशी मागे ठेवल्या जातात, त्यांचा नवा छोटा घुमट होतो. तो बगलेतला डोळा. पुढे त्या डोळ्याची फांदी झाली की तिच्यावरही पानं आणि पानांच्या बगलेत पुन्हा डोळे. प्रोग्रॅमिंगवाल्यांना रिकर्शन शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

प्रकार पुस्तकात भरपूर दिलेत, पण परीक्षेपुरतं सांगायचं तर दोन प्रश्न विचारायचे. डोळा कुठे आहे? शेंड्यावर असेल तर अग्रकलिका, पानाच्या बगलेत असेल तर कक्षकलिका, आणि जिथे असायचं कारण नाही तिथे उगवला तर आगंतुक. पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपं येतात, रताळ्याच्या मुळातून कोंब येतात, ते हे आगंतुक. दुसरा प्रश्न, आतून काय निघणार? नुसती पानं, नुसतं फूल, की दोन्ही. मोगऱ्याची कळी फुलाची. मसाल्यातली लवंग हीसुद्धा उमलण्याआधी खुडून वाळवलेली फुलाची कळीच. आणि ज्यातून पालाही येतो आणि घडही येतो, तो मिश्र डोळा. द्राक्षाचा डोळा या जातीचा आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. जमिनीखालीही डोळे असतात. बटाटा हे फुगलेलं खोड आहे, म्हणून त्याला डोळे असतात. वीजतारांखाली छाटलेल्या कडुलिंबाच्या बुंध्यातून झुपकेच्या झुपके फुटतात, ते सालीखाली वर्षानुवर्षं झोपून राहिलेल्या डोळ्यांतून.

इथपर्यंतचं सगळं गुगलवर मिळेल. खरी गंमत पुढे आहे. झाडावर इतके डोळे असताना सगळे एकदम फुटत का नाहीत?

उसाचं घ्या. प्रत्येक पेराला एक डोळा, एक या बाजूला तर पुढचा त्या बाजूला. दहा महिन्यांच्या उसावर असे वीस-पंचवीस डोळे सहज मोजता येतात. पण उभ्या उसाचे डोळे झोपलेले असतात. अख्खा ऊस सरीत आडवा पुरला तरी शेंड्याकडचे काही डोळे फुटतात आणि खालचे बरेचसे गप्प राहतात. म्हणून तर कोयत्याने त्याची दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी करतात. टिपरी करताना फक्त लांबी कमी होत नाही, वरून येणारा हुकूम तुटतो.

हा हुकूम कसला, ते १९३३ साली केनेथ थीमान आणि फोल्के स्कूग यांनी दाखवलं. त्यांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापला, तर खालचे डोळे फुटले. कापलेल्या जागी वाढीचं संप्रेरक, म्हणजे ऑक्झिन लावलं, तर डोळे पुन्हा दबून राहिले. शेंडा ऑक्झिन तयार करतो, ते खोडातून खाली उतरतं आणि खालच्यांना सांगतं, थांबा, मी आहे. याला अग्रप्रभुत्व म्हणतात. मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन उलटं काम करतं, ते डोळ्याला उठवतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ऑक्झिन स्वतः डोळ्याच्या आत शिरत नाही, मग ते दाबतं कसं, हा प्रश्न बरीच वर्षं लटकला होता. २००८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं, फांद्या फुटू न देणारं आणखी एक संप्रेरक शोधलं. मग २०१४ साली वाटाण्यावरच्या प्रयोगात दिसलं, की शेंडा कापल्यावर खालचे डोळे इतक्या लवकर हलायला लागतात की तोवर ऑक्झिन कमी झाल्याची बातमी तिथे पोहोचलेलीच नसते. त्याआधी पोहोचते ती साखर. शेंडा हा सगळ्यात मोठा खाणारा. तो गेला की साखर खालच्यांच्या वाट्याला येते आणि ते जागे होतात. मेसमध्ये ज्याने पंक्तीत पुढे बसून वाढप्याला अडवून धरलंय तो उठला, की मागच्यांच्या ताटात पडतं, तसंच!

शेतकऱ्यांनी ही साखरेची बाजू आपल्या भाषेत आधीपासून ओळखलेली आहे. बेण्यासाठी ऊस नऊ ते अकरा महिन्यांचाच घ्यावा, म्हातारा घेऊ नये, असं आमच्याकडे सांगतात. कारण कोवळ्या उसात आणि शेंड्याकडच्या भागात पाणी, नत्र आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साधी साखर जास्त असते, डोळ्याला ती लगेच खाता येते. बुडख्याकडे पक्की साखर असते, कारखान्याला ती हवी असते, पण तिथले डोळे टणक आणि आळशी होतात. बेण्याचं पाचट कोयत्याने न सोलता हाताने काढायचं, तेही डोळा दुखवू नये म्हणूनच.

आता हिशोब बघा. टिपऱ्यांनी लागण केली तर हेक्टरी साधारण सहा ते आठ टन ऊस बेण्यात जातो. जमिनीत गाडलेल्या त्या सगळ्या उसातला उपयोगी भाग म्हणजे डोळा आणि त्याच्या शेजारचा मूळपट्टा, बाकीचं कांडं सुरुवातीची शिदोरी. म्हणून एक डोळा पद्धत आली. एका डोळ्याचा तुकडा कापायचा, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीटमध्ये रोप करायचं, महिना-सव्वा महिन्याने शेतात लावायचं. बेणं कितीतरी कमी लागतं, आणि मुख्य म्हणजे न उगवलेले डोळे ट्रेमध्येच कळतात, शेतात नांग्या पडत नाहीत. माझं मत विचाराल तर पाणी आणि मजूर दोन्हीची चणचण असलेल्या आमच्या भागात हीच पद्धत शहाणपणाची. फक्त ट्रेमध्ये डोळा वरच्या बाजूला ठेवायचा. आता तिथे दुसरा डोळाच नाही, त्यामुळे हुकूम देणारा कोणी नाही आणि सबबही नाही.

रोप लागणीत आणखी एक काम करतात, ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेडेपणा वाटतो. रोप चांगलं जोमात आलं की त्याचा मधला मोठा कोंब, ज्याला जेठा कोंब म्हणतात, तो मोडून टाकतात. इतक्या कष्टाने उगवलेला, सगळ्यात तगडा कोंब! पण तो मोडला की जमिनीलगतच्या पेरांतले डोळे एका दमात उठतात आणि फुटवे सारख्या वयाचे, सारख्या जाडीचे मिळतात. थीमान-स्कूगचा प्रयोग आमच्याकडे सरीत वाकून, हाताने होतो. हरभऱ्याचे शेंडे खुडण्यामागेही हेच आहे. त्यातून भाजी मिळते हा बोनस, खरा फायदा बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे फांद्यांना आणि घाट्यांना.

खोडव्याचंही तेच. ऊस तोडताना टोळीने बुडखा वीतभर वर ठेवला तर जमिनीवरचे डोळे आधी फुटतात. त्यांच्या मुळांना माती मिळत नाही, फुटवे काटकुळे राहतात. म्हणून तोडणीनंतर बुडखे जमिनीबरोबर छाटतात, म्हणजे वरच्यांचा नंबर जातो आणि मातीतले डोळे उठतात.

शेंड्यावरचा डोळा कायम राजा राहतो असंही नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उसाच्या फडावर पांढरे तुरे डोलताना सगळ्यांनी पाहिले असतील, त्यांच्यासोबत फोटोही काढले असतील. शेतकऱ्याला ते बघवत नाहीत. आदल्या दोन-तीन महिन्यांत दिवस लहान होत होत साडेबारा तासांच्या आसपास आला, रात्री फार थंड नसल्या आणि ओल भरपूर असली, की शेंड्याचा घुमट पानं घडवणं सोडून फुलोरा घडवायला लागतो. हा बदल उलटत नाही. पान देणारा डोळा एकदा फुलाचा झाला की तिथून नवं पेर नाही, म्हणजे उसाची उंची तिथेच थांबली. वरचा हुकूमही संपला, म्हणून कडेचे डोळे उभ्या उसावरच फुटतात, त्यांना पांगशा म्हणतात. त्या साठवलेली साखर खातात, उसाला दशी पडते, वजन आणि उतारा दोन्ही घसरतात. तोडणीची चिठ्ठी वेळेवर मिळाली तर ठीक, नाहीतर प्रत्येक आठवडा तोट्याचा.

उजनीच्या पलीकडे, करमाळ्याच्या कंदर भागात केळी आहे, तिथे हाच बदल माणूस दिवस मोजत वाट पाहतो. केळीचं जे खोड दिसतं ते खोड नाहीच, पानांच्या देठांची गुंडाळी आहे. खरा डोळा जमिनीलगत कंदात बसलेला असतो. ठराविक पानं झाली की तो फुलाचा होतो, त्या गुंडाळीच्या आतून वर चढतो आणि केळफूल होऊन बाहेर येतो. एका झाडाला हे एकदाच, म्हणून घड उतरवला की झाड पाडतात आणि कंदाच्या बगलेतला मुनवा पुढचा घड देतो.

आता द्राक्ष. आमच्या तालुक्यात बोरीसारखी गावं द्राक्षावरच ओळखली जातात. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, तिथे छाटणी एकदा करतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण त्याला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात ओलांड्यावर जवळजवळ काहीच ठेवत नाहीत, नवीन काड्या फुटतात आणि पावसाळाभर पिकतात. मग ऑक्टोबरच्या आसपास त्या पिकलेल्या काड्यांची फळछाटणी, आणि त्यावर फुटलेल्या कोंबांना घड. शहरातल्या माणसाला वाटतं ऑक्टोबरात छाटलं, म्हणून घड ऑक्टोबरात तयार झाला. तसं नाही. तो मे-जूनमध्येच डोळ्यात तयार होऊन बसलेला असतो.

खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, काडी अजून हिरवी असतानाच, तिच्या डोळ्याच्या आत एक छोटा उंचवटा येतो. सुरुवातीला त्याचं काहीच ठरलेलं नसतं. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी, म्हणजे वेल ज्या तंतूने तारेला वेटोळं घालतो ती. घड आणि बाळी ही एकाच उंचवट्याची दोन रूपं आहेत. बागेत नीट पाहिलं तर एका टोकाला बाळी आणि दुसऱ्या टोकाला चार मणी असा अर्धवट प्रकारही सापडतो. सायटोकायनिन जास्त असेल तर पारडं घडाकडे झुकतं, जिबरेलिन जास्त असेल तर बाळीकडे. आणि हे प्रमाण ठरतं डोळ्यावर पडणाऱ्या उन्हावर, तापमानावर आणि वेलाच्या जोरावर. म्हणून त्या दिवसांत बागायतदार काड्यांची विरळणी करतो, ऊन आत जाऊ देतो, नत्र कमी आणि पाणी बेताचं ठेवतो, सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन घेतो, सीसीसीची फवारणी करून वाढ रोखतो. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, बागेत फळाचा मणी नसताना, इतका खर्च कशावर चाललाय, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. तो खर्च डोळ्याच्या आतल्या, नुसत्या नजरेला न दिसणाऱ्या उंचवट्यावर चाललेला असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत, चिपमध्ये प्रोग्राम मे महिन्यात जळतो आणि ऑक्टोबरमध्ये फक्त पॉवर चालू करायची असते. चुकीचा जळला असेल तर ते पॉवर दिल्यावरच कळतं.

२०२५ चा मे महिना आठवा. शेवटच्या आठवड्यात बारामती-इंदापूर-दौंडकडे धो धो पाऊस झाला, बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला, २६ मे रोजी मान्सून मुंबईतसुद्धा पोहोचला होता. ज्यांची खरड छाटणी १० एप्रिलच्या आसपास झाली असेल, त्यांचे ते ४० ते ६० दिवस कोणते येतात? २० मे ते ९ जून. ऊन हवं तेव्हा ढग, ताण हवा तेव्हा शेतात पाणी, वेल पाण्याच्या जोरावर वाढत सुटलेला. बाकीच्यांसाठी तो लवकर आलेला पाऊस होता. द्राक्षवाल्याची काळजी वेगळी होती, आणि ती खरी की खोटी हे कळायला त्याला ऑक्टोबर गाठावा लागणार होता.

डोळ्यात घड झाला म्हणजे सुटलो, असंही नाही. द्राक्षाचा एक डोळा हा खरं तर तीन डोळ्यांचा जुडगा असतो. मधला मुख्य, त्यात दोन-तीन सूक्ष्म घडांपर्यंत असू शकतात, आणि त्याच्या बाजूला दोन राखीव. मुख्य डोळा मेला तर राखीव फुटतो, वेल हिरवागार दिसतो, पण त्यावर बहुतेक वेळा घड कमी किंवा नसतोच. फळछाटणीनंतर पहिल्या पंधरवड्यात ढगाळ हवा आणि पाऊस राहिला तर तयार घडही जिरतो, त्याची बाळी होते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने राज्यभरातल्या बागा झोडपल्या, तेव्हा रोगाचं आणि कुजीचं नुकसान सगळ्यांनी पाहिलं, पण घड जिरणं हा असा तोटा असतो की त्याचा पंचनामा करायला समोर काहीच नसतं.

फळछाटणी झाल्यावर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे प्रकरण जपून हाताळायचं. हातमोजे हवेतच, शिवाय ते लावल्यानंतर दारू घेतली तर माणसाला गंभीर त्रास होतो, कारण दारू पचवणारं एक विकर ते बंद पाडतं. सुट्टीत घरी मदतीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आणि मजुरांनाही सांगा.

ऑक्टोबरची कात्री लावण्याआधी आत काय आहे, हे बघायची सोय आता आहे. बागेतून वेगवेगळ्या ठिकाणच्या पिकलेल्या काड्या आणायच्या, बुडाकडून डोळ्यांना नंबर द्यायचे, एकेक डोळा ब्लेडने पातळ कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मुख्य डोळा हिरवा असेल तर जिवंत, काळा पडला असेल तर मेलेला. हिरव्यात गोल, फुगीर, खवल्याखवल्यांची रचना दिसली तर घड. बारीक, निमुळतं, सुईसारखं दिसलं तर बाळी. दहा-वीस काड्यांचे डोळे असे मोजले, की कोणत्या नंबरच्या डोळ्यात घड भरवशाचा आहे ते कळतं. सबकेन केलेली असेल तर बहुधा गाठीच्या आसपास.

कारण छाटल्यावर फुटणार तो कापलेल्या जागेच्या लगेच खालचा डोळा, इथेही शेंड्याचाच हुकूम चालतो. तपासणीत घड पाचव्या डोळ्यात दिसला आणि चौथा रिकामा निघाला, तर कात्री पाचव्याच्या वर चालवायची. ती एक पेर खाली चालली, तर पाचवा डोळा घडासकट बांधावर पडतो आणि वर्षभर खर्च केलेल्या वेलावर नुसती पानं येतात.